हंड्याच्या मानेवरचा पोचा

टॉर्मड मॅकफीची गोष्ट आमच्या बेटावरचं शेंबडं पोरही सांगेल. चौऱ्याहत्तर सालच्या मार्चमध्ये, कामसबेगच्या दारूभट्टीत, टॉर्मड इतका प्यायला होता, इतका प्यायला होता, की हंड्यावर मारायचा लाकडी गोळा त्याला सापडेना. गोळा नाकासमोर दोरीला लटकत होता. तर या गड्याने कोपऱ्यातला घण उचलला, "काय गं सोने, फेस आला का तुला?" असं हंड्याला लाडात विचारलं, आणि दिला ठेवून मानेवर. तांब्याच्या मानेला हा एवढा पोचा पडला. टॉर्मडची नोकरी गेली. आणि त्या पोच्यामुळे कामसबेगच्या व्हिस्कीला अशी चव आली की वीस वर्षांनी तिला मोठं पदक मिळालं.

गोष्ट सांगताना दोनदा झोकांडी घ्यायची असते. एकदा घण उचलताना आणि एकदा 'सोने' म्हणताना. मग खोकायचं. हमखास हशा.

यातलं खरं एवढंच की पोचा आहे, महिना मार्च होता आणि नोकरी गेली. घणाला टॉर्मडने हात लावला नाही. आणि प्यायला म्हणाल, तर या माणसाच्या पोटात तोवर व्हिस्कीचा एक घोट टिकलेला नव्हता.

देवाधर्माचं कारण नव्हतं. शपथबिपथही नाही. त्याला ती पचायची नाही, इतकं साधं होतं. महायुद्धात भट्टी बंद पडली होती, ती पुन्हा पेटली तेव्हा अठरा वर्षांचा टॉर्मड सातूच्या खळ्यावर कामाला लागला. भिजवलेला सातू लांबलचक फरशीवर हातभर जाड पसरायचा आणि मोड यायला लागले की लाकडी फावड्याने सतत उलटत राहायचा, नाहीतर मोडांची गुंतवळ होऊन त्याची सतरंजी होते. रविवारीही सुट्टी नाही, सातूला रविवार कळत नाही. या कामाने माणसाचा एक खांदा कायमचा खाली उतरतो. टॉर्मडचा उजवा उतरलाय. पाहुण्यांना सांगतात की तो दारूने उतरला.

पहिल्याच दिवशी सकाळी नवाचा भोंगा झाला. त्या काळी भट्टीतल्या प्रत्येक माणसाला दिवसातून तीनदा घुटका मिळायचा. सगळे रांगेत उभे राहिले. कारकून तांब्याच्या भांड्यातून शिंगाच्या पेल्यात ओतत चालला. पिंपात न गेलेली, पाण्यासारखी पांढरी, कच्ची दारू. ती कारकुनाच्या डोळ्यांदेखत तोंडात टाकायची. घरी न्यायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही, असा नियम. टॉर्मडने टाकली, फावडं उचललं, चार पावलं गेला, आणि सगळी न्याहारी कोवळ्या मोडांवर ओतली.

"अरे मॅकफी," मुकादम ओरडला, "सातूला मोड यायला पाणी पुरतं रे! तुझ्या ओटमीलची लापशी नको!"

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दारूभट्टीत दारू न पचणारा माणूस म्हणजे बोटीवर उलट्या काढणारा कोळी. आयुष्यभर तेच नाव चिकटलं असतं. म्हणून चौथ्या दिवशी टॉर्मडने घुटका गिळलाच नाही. गाल फुगवून तसाच चालत पिंपांच्या मागे गेला. तिथे लॅकी बसला होता. लॅकी काहिलीवर कामाला होता. भरडलेला सातू गरम पाण्यात ढवळून त्याचा गोड रस काढायचा.

लॅकीने त्याच्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं आणि आपला चहाचा मग पुढे केला.

"फुकट घालवतोस काय? इकडे टाक."

"तोंडातली?" टॉर्मडने विचारायचा प्रयत्न केला. तोंड भरलेलं, त्यामुळे "थोंडाथ्थी?" असं काहीतरी झालं.

"या दारूत जंतू जगत नाहीत, बाबा. टाक."

असा तो करार झाला, आणि दिवसातून तीन वेळा अठ्ठावीस वर्षं चालला. लॅकीला दुप्पट मिळायची आणि टॉर्मडला अब्रू. हे तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. टॉर्मडची बायको एफी, तिला होतं. ती म्हणायची, "बेटावरच्या सगळ्या बायकांचे नवरे पिऊन येतात. माझा वास घेऊन येतो, आणि वर भूक लागली म्हणतो."

बिनपिणारा टॉर्मड पुढे हंड्यांवर चढला, आणि तिथे त्याच्या तोडीचा माणूस नव्हता. गोड रस लाकडी टाक्यांत दोनतीन दिवस आंबवला की तो पहिल्या हंड्यात जातो. हंडा तापला की फेस उंच मानेत चढायला लागतो. तो मानेवरून पलीकडे उतरला तर सगळी धार नासली. आणि तांब्याच्या आत बघायचं कसं? म्हणून मानेजवळ दोरीला तो लाकडी गोळा असायचा. झोका देऊन तो मानेवर आपटायचा. मान रिकामी असेल तर टण्ण वाजते, फेस आला असेल तर टप्प. इतर लोकांना हे दोनच आवाज यायचे. टॉर्मडला टण्ण आणि टप्प यांच्यामधले अकरा यायचे. त्याने मला ते सगळे घरच्या पातेल्यावर वाजवून दाखवलेत. माझ्या कानाला सात लागले, माझ्या तोंडाला सहा.

दुसऱ्या हंड्याची धार काचेच्या पेटीतून वाहायची आणि पेटीला कुलूप अबकारी साहेबाचं. हात लावायची सोय नाही. बाहेरून दांडे फिरवायचे, धारेत पाणी सोडायचं, गढूळ झाली की नाही ते काचेतून बघायचं. पहिली धार बाजूला, मधली पिंपात, शेवटची पुन्हा हंड्यात. मधली नेमकी कुठून कुठवर, तिथे माणसाची परीक्षा होते. चाखायचा प्रश्नच नव्हता. हे काम डोळ्यांचं, कानाचं आणि धीराचं, आणि टॉर्मडकडे तिन्ही होतं.

धीर नव्हता तो पिटकेर्नकडे. पिटकेर्न म्हणजे भट्टीचा मॅनेजर, एडिंबरोहून आलेला. नाकातून बोलायचा आणि वाक्याच्या मधोमध घसा खाकरायचा, जसं काही त्याच्या शब्दांतच काटे होते. गुरुवारी ग्लासगोहून कंपनीचे साहेब येणार होते आणि त्याआधी पिटकेर्नला हंड्याच्या वर एक नवा नळ चढवून हवा होता. मंगळवारी सकाळी त्याने छताच्या तुळईला कप्पी बांधायला लावली.

टॉर्मड म्हणाला, "साहेब, हंडा तापलाय. चार तासांत ही पाळी उतरेल. मग चढवू."

"चार तास, ख्हं, माझ्याकडे नाहीत, मॅकफी."

"तांबं तापलं की मऊ होतं, साहेब. वरून काही पडलं तर..."

"पडणार, ख्हं, कशाला?"

तेवढ्यात भोंगा झाला. घुटक्याची वेळ. माणसं रांगेत गेली. टॉर्मडही गेला, कारण रांगेत कोण नाही हे कारकून लिहून ठेवायचा. त्याने तोंडात घेतली, पिंपांमागे जाऊन लॅकीच्या मगमध्ये टाकली आणि धावत परत आला. त्याच्या मागोमाग लॅकी, मग घेऊनच.

पिटकेर्नने माणसांची वाट पाहिली नव्हती. एकटाच दोरी ओढत होता. नळ अर्ध्यावर लटकत होता. टॉर्मड म्हणाला, "साहेब, थांबा, मी धरतो," आणि साहेबाने मान वळवली. मऊ हातांतून दोरी सुटली. नळ एका बाजूला गेला आणि कप्पीचा लोखंडी आकडा सरळ खाली येऊन पहिल्या हंड्याच्या मानेवर बसला.

टॉर्मड म्हणतो, "तो बारावा आवाज. तो मी कधी वाजवून दाखवणार नाही."

पिटकेर्नने आपले सोललेले तळहात पाहिले. मग पोचा पाहिला. मग गुरुवार दिसला असावा त्याला, कारण तो हळूच टॉर्मडजवळ आला, तोंडाशी नाक नेलं, आणि हुंगलं.

"मॅकफी, तू, ख्हं, प्यायलायस."

"साहेब, दोरी तुमच्या हातात होती."

"तुझ्या तोंडाला वास येतोय."

आता वास येणारच. आताच तर तिथून दारू बाहेर गेली होती. टॉर्मडने लॅकीकडे पाहिलं. लॅकीने सगळं पाहिलं होतं. शिवाय टॉर्मडच्या तोंडातली दारू त्याच्याच हातातल्या मगमध्ये होती.

"लॅकी," टॉर्मड म्हणाला, "सांग साहेबांना. मी पितो का?"

लॅकीने मगमध्ये पाहिलं. खरं सांगितलं असतं तर नियम दोघांनी मोडला होता, अठ्ठावीस वर्षं. दोघांची नोकरी, दोघांची घरं, कारण घरं भट्टीचीच होती. लॅकीच्या घरात चार पोरं. टॉर्मडकडे फक्त एफी.

"मला काय माहीत, साहेब," लॅकी म्हणाला. "सगळेच पितात."

शनिवारी टॉर्मड आणि एफी सामान हातगाडीवर लादून तिच्या आईच्या घरी गेली, बेटाच्या पार पश्चिम टोकाला. सोमवारी लॅकी हंड्यांवर चढला. महिनाभर त्याने फेस मानेवरून जाऊ दिला आणि गावातल्या ओढ्याला दारूचा वास यायचा.

पुढची वीस वर्षं टॉर्मडने पीट कापलं. पीट म्हणजे दलदलीतली काळी माती. लांब विटा कापायच्या, वाऱ्यावर वाळवायच्या, आणि चुलीत घालायच्या. भट्टीवाले तिच्याच धुरावर सातू वाळवतात, व्हिस्कीला धुराची चव येते ती तिथूनच. बेटावर सगळ्यात चांगलं पीट टॉर्मडच्या कातळाखालचं. म्हणजे पोटासाठी तो ते भट्टीलाच घालायचा. ट्रक यायचा, ड्रायव्हर खिडकीतून विचारायचा, "काय टॉर्मड, आज शुद्धीवर का?" टॉर्मड श्वास आत ओढत "हो" म्हणायचा. आमच्या बेटावर जुनी माणसं 'हो' आतल्या श्वासावरच म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, माणसाला काहीतरी टोचलं.

एफी पहिलं वर्षभर दुकानात गेली नाही. नंतर जायला लागली, पण मिठाची पुडी घेऊन सरळ बाहेर. ती वारली तेव्हा दारात माणसं भेटायला आली आणि प्रत्येकाने सोबत बाटली आणली. समजून घेऊन.

दोन वर्षांपूर्वी लॅकी गेला. आमच्याकडे शवपेटी खड्ड्यात उतरवताना आठ दोऱ्या आठ जणांच्या हातात देतात, नावं पुकारून. लॅकीने मरायच्या आधी यादी करून ठेवली होती. डोक्याकडची दोरी पोराची, पायाकडची टॉर्मडची. टॉर्मडने धरली. शेवटपर्यंत धरली, सुटू दिली नाही. मग व्हिस्कीचे पेले फिरले तेव्हा गाल फुगवून भिंतीमागे गेला.

तोवर पदक मिळालं होतं. चौऱ्याहत्तरची पिंपं वीस वर्षांनी उघडली, ग्लासगोच्या साहेबांनी हुंगली आणि डोळे मिटले. असं काय वेगळं झालं होतं त्या वर्षी? कुणीतरी म्हणालं, पोचा. झालं. दारू गाळणारी माणसं हंड्याच्या बाबतीत भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांच्या वरताण. जाळं झाडत नाहीत, खिळा हलवत नाहीत, न जाणो चव गेली तर. पोच्याभोवती दोरखंड लागला, पाटी लागली. पाहुण्यांना भट्टी दाखवायचं काम लॅकीच्या मुलीकडे, केटकडे आलं, आणि घण, झोकांडी, 'सोने', सगळं तिने बसवलं.

टॉर्मडला हे कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पदकाची पिंपं जानेवारीत भरली. पिंपाच्या तोंडावर महिना लिहिलेला असतो. जानेवारीत पोचा नव्हता, मी होतो."

यंदाच्या वसंतात कळलं की पहिल्या हंड्याच्या मानेचं तांबं झिजून कागदासारखं झालंय. नवी मान करायची. मुख्य भूमीवरून तांबट आले, मापं घेऊन गेले. आणि भट्टीच्या फाटकावर नोटीस लागली: ऐतिहासिक पोचा नव्या मानेवर जसाच्या तसा ठोकून घेण्यात येईल.

एवढी वर्षं गप्प बसलेला टॉर्मड ती नोटीस वाचून उठला. जुनी मान भंगारात जाणार होती. पिटकेर्नचं पाप तिच्याबरोबर वितळलं असतं. आता ते नव्या तांब्यात पुन्हा ठोकणार, आणखी पंचवीस वर्षं, म्हणजे टॉर्मड मेल्यावरही पाटीवर तो प्यायलेलाच राहणार. त्याला हवं होतं एवढंच, की मान सरळ बसावी.

मी त्याची शेजारीण. शाळेच्या कार्यक्रमात 'प्यायलेला टॉर्मड' तीन वर्षं मीच करत होते, आणि खोकला माझ्यासारखा कुणाला जमत नाही. खरं कळल्यापासून बंद केलंय. मी त्याला म्हटलं, "अहो, नवा मॅनेजर शिकलेला आहे. महिना दाखवा, सगळं सांगा. ऐकेल तो."

"नाही ऐकणार."

"लावा पैज."

"काय देशील?"

"तुम्ही म्हणाल ते."

टॉर्मडने हात पुढे केला. म्हणाला, "हरलीस तर एका माणसाची नक्कल करायची. मी सांगेन त्याची. फक्त माझ्यासमोर."

मला वाटलं, यात काय मोठंसं. हात मिळवला.

नवा मॅनेजर इनेस, वय तिशीचं, दात पांढरेशुभ्र. टॉर्मडला बघून खुर्चीतून उठलाच. "अरे वा! खुद्द दंतकथा चालत आली! बसा, बसा!" टेबलावर तांबटांचा नकाशा पसरला होता, नवी मान, तिच्यावर पोचा, आणि पोच्याची लांबी, रुंदी, खोली.

टॉर्मडने सगळं सांगितलं. कप्पी, दोरी, मग, जानेवारी. पहिल्यांदाच सगळं सलग सांगितलं. इनेस मान हलवत होता, आणि त्याचे डोळे चमकत होते, गोष्ट छान आहे म्हणून.

"जानेवारीचं मी बघतो," तो म्हणाला. "पण टॉर्मड, तुम्ही आयुष्यात प्यायलाच नाहीत, हे... कोण मानेल हो? या बेटावर? लॅकी तर गेले."

"ओता," टॉर्मड म्हणाला.

"काय?"

"एक घुटका ओता. आणि बघत बसा."

इनेसने आनंदाने कपाट उघडलं. चौऱ्याहत्तरचीच बाटली काढली, पदकवाली. टॉर्मडने पेला घेतला आणि पन्नास वर्षांनी पहिल्यांदा, डोळे उघडे ठेवून, गिळला.

मी नंतर विचारलं, कशी होती? म्हणाला, "धुराची. मागून सफरचंदासारखं काहीतरी. चांगली गाळली होती."

मग त्याने मनात आकडे मोजले. नवापर्यंत पोचला. दहाव्याला नकाशावर उलटी झाली, नेमकी पोच्याच्या मापांवर. पाय लटपटले, कपाळाला घाम, खुर्ची उलटली. शुद्ध पुरावा. याहून चांगला पुरावा देता येत नाही.

इनेसने दार उघडून हाक मारली. "केट! जरा ये गं. टॉर्मड प्यायलेत. घरी सोड त्यांना."

केटने गाडी काढली. अर्ध्या वाटेवर म्हणाली, "एवढी झेपत नाही तर पिता कशाला हो?"

"तेच तर सांगायला आलो होतो," टॉर्मड म्हणाला.

केटने काच खाली केली, वास जावा म्हणून.

नवी मान ऑगस्टमध्ये बोटीने आली. धक्क्यावर अर्धं गाव होतं. ताडपत्री काढली तर नवं कोरं तांबं, लालभडक, आणि त्यात तो पोचा. म्हातारा तांबट कौतुकाने सांगत होता, "सरळ मान दोन दिवसांत होते. हा पोचा मारायला तीन लागले. चार पोचे फुकट गेले, हा पाचवा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टॉर्मड मागे खांबाला टेकून उभा होता. फोटोवाल्याने त्याच्या हातात रिकामा पेला देऊन फोटो काढला.

केटच्या गोष्टीला आता नवं शेपूट आहे. मी स्वतः ऐकलं. शेवटी आवाज खाली आणून म्हणते, "आणि बरं का, अजूनही सुटलेली नाही. परवाच ऑफिसात येऊन..." मग ओकल्याची नक्कल करते. वाईट करते. हशा मात्र पहिल्यापेक्षा मोठा होतो.

मान आली त्या संध्याकाळी मी टॉर्मडकडे गेले. त्याने चहा टाकला होता. "हरलीस," म्हणाला.

"हरले. कुणाची करू? इनेसची? केटची?"

"पिटकेर्नची."

"मी ऐकलं कुठे त्यांना?"

"मी ऐकवतो." आणि त्या म्हाताऱ्याने मान किंचित वर केली, ओठ आवळले आणि नाकातून, घशातल्या काट्यासकट, दोन वाक्यं म्हटली. मी उभ्या जागी गार झाले. बावीस वर्षं त्याने तो आवाज जपून ठेवला होता, टण्ण आणि टप्प यांच्यामधल्या अकरा आवाजांसारखा, एक कणही न सांडता.

मी म्हटलं. त्याने मान हलवली. "नाकातून अजून. आणि ख्हं मध्ये येतं, शेवटी नाही."

मी परत म्हटलं. तो खिडकीकडे तोंड करून बसला, माझं तोंड दिसू नये म्हणून, फक्त आवाज यावा म्हणून. मी घसा आवळला, नाक वर केलं, आणि तिसऱ्यांदा ती वाक्यं जशीच्या तशी बाहेर आली.

"मॅकफी, ख्हं, शुद्धीवर होता. दोरी माझ्या, ख्हं, हातून सुटली."

टॉर्मडने श्वास आत ओढला. "हो."

चहा उतू गेला. कुणी उठलं नाही.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.